उतारावरचा हात

बाईंचा पाय जड आहे, असं कंपनीचं म्हणणं पडलं.

आणि ते म्हणणं घेऊन आलं कोण, तर पाठचा भाऊ. रविवारची दुपार होती. ड्रायव्हिंग स्कूलला सुट्टी म्हणून खालचा वर्ग रिकामा. पंखा आपला उगाच हवेला फेऱ्या घालायला लावत होता. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात वडिलांनी मधोमध कापून ठेवलेला जुना गिअरबॉक्स, पोट उघडं टाकून बसलेला. शिकाऊ लोकांच्या बाकांवर आज घरचीच माणसं होती. पहिल्या बाकावर आई. तिच्या मागे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. बस चालवून निवृत्त झाले तरी बोलणं मागच्या सीटपर्यंत पोचलं पाहिजे अशा बेताने बोलत, म्हणून सगळे त्यांना भोंगाकाका म्हणत. खिडकीपाशी भावाची बायको, हॉस्पिटलात नर्स. तिला सासरीही सिस्टरच म्हणत. आणि फळ्यासमोर, जिथे एरवी त्याच्या थोरल्या बहिणीने, शाळेच्या मास्तरणीने, उभं राहायचं, तिथे आज तो उभा होता. गोड्या. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना सापडायचा म्हणून पडलेलं नाव, पुढे मोटारींच्या शोरूममध्ये विक्रीला लागला तेव्हा अंगाला चपखल बसलं.

"जड म्हणजे?" मास्तरणीने विचारलं.

"तसं नाही म्हणत ते, ताई. ते म्हणतात, वाहन चालवण्याची पद्धत. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला जातो, ब्रेक उशिरा लागतो..."

"माझा?"

"चालवणाऱ्याचा. कुणाचाही."

"तक्रार माझी आहे, गोड्या. त्या गाडीत कुणाचाही पाय नाही. माझा आहे."

तिचा आवाज रागात चढत नसे, खाली जाई, विहिरीत दोर सोडावा तसा. घरातल्यांना हे ठाऊक होतं, म्हणून सिस्टरने खिडकीबाहेर पाहिलं आणि काकांनी घसा साफ केला.

अर्ध्या गावाला तिने स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. तिला शिकवलं होतं वडिलांनी. शेजारच्या सीटवर ते डोळे मिटून बसत, आणि गिअर बदललेला त्यांना जाणवला तर गाडी थांबवून पोरीला खाली उतरवत. घरापर्यंत चालत ये म्हणत. वर्षभर ती चालत आली. मग एक दिवस ते डोळे मिटून बसले ते बाजार संपला तरी उघडले नाहीत. तिला वाटलं झोप लागली. झोप नव्हती लागली. डोळे न उघडताच म्हणाले, "आता तू शिकव." असा तो पाय. आणि त्या पायाला आज कुठल्याशा वातानुकूलित खोलीतला, टाय लावलेला, कधी न पाहिलेला माणूस जड म्हणतो.

भांडण काही आजचं नव्हतं. शोरूममध्ये भिंतभर जाहिरात होती: पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी ही गाडी लिटरमागे अठ्ठावीस किलोमीटर जाते. गोड्याने गोड शब्दांत सांगितलं, बहिणीने शाळेसाठी गाडी घेतली. तिच्या शब्दावर तिच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी घेतली: दातांचे डॉक्टर, शिंपीमामा, आणखीही बरेच. आणि गाडी जायची लिटरमागे अठरा. फार लाडात आली तर एकोणीस. शोरूम आधी म्हणालं, गाडी नवी आहे, रुळू द्या. मग म्हणालं, चाकांत हवा बघा. मग एसी. मग पेट्रोलच तुमचं खराब. सगळ्यांच्या डोक्यावर खापर फोडून झाल्यावर तिचा पाय तेवढा उरला होता. तोवर ती ग्राहक मंचात गेली होती, आणि मागोमाग तिचे विद्यार्थीही. परवा, मंगळवारी, सुनावणी होती.

"निरोप पुरा सांग," आई म्हणाली. "अर्धा घास तोंडात धरून बोलू नकोस."

गोड्याने खडूचा तुकडा उचलला, पुन्हा ठेवला. "परवा मंचासमोर ताईने उभं राहून एवढंच म्हणायचं, की माझा गैरसमज झाला. गाडीत दोष नाही, माझी पद्धत चुकत होती. बाकीच्यांच्या तक्रारी मग आपोआप ढिल्या पडतील. कंपनी शाळेला नवी गाडी देईल. आणि..."

"आणि?"

"आणि बाजारातली नवी शाखा माझ्या हाताखाली येईल."

"आणि ताई नाही म्हणाली तर?" हे सिस्टरने विचारलं, नवऱ्याकडे न बघता.

"तर माझी जागा गोदामात. साहेब तसं बोलले नाहीत. गोदामात ऊन लागत नाही, एवढंच म्हणाले."

भोंगाकाका उठून उभेच राहिले. "ऊन लागत नाही? मी येतो तुझ्या साहेबाकडे, त्याला बसच्या बॉनेटवर बसवून फिरवतो, मग सांग म्हणावं ऊन कुठे कुठे लागतं. मास्तरीणबाई, एक शब्द मागे घ्यायचा नाही. आमच्या घरातल्या पायाला जड म्हणतात म्हणजे माझ्या भावाला म्हणतात."

"भाऊजी, तुम्ही बसा," आई म्हणाली. मग मुलीकडे वळली. तिचं बोलणं नेहमीच हळू, चालीत. पूर्वी ती कामाच्या तालावर ओळी जुळवायची, ती सवय बोलण्यातून गेली नव्हती. "पोरी, मला तुमचा अठ्ठावीस कळत नाही नि अठरा कळत नाही. मला एवढं कळतं की ह्याची दोन मुलं आहेत. तुझं नाव एका वाक्याने बुडणार नाही. लोक तुला ओळखतात."

"म्हणूनच बुडेल, आई. ओळखत नसते तर काय बुडायचं होतं?"

"भावासाठी एवढं..."

"भावासाठी काय म्हणशील ते करीन. पण हे मागतोय कोण? भाऊ नाही मागत. भावाच्या तोंडून कंपनी मागते." ती गोड्याकडे वळली. "तू सांग. तुझं तू. माझा पाय जड आहे?"

जो माणूस दारात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा संपायच्या आत सीटकव्हरचा रंग निवडायला लावायचा, त्याला बहिणीच्या साध्या प्रश्नाला हो की नाही सांगता येईना.

आईने कपाळावरून हात फिरवला आणि पुटपुटली, बोलली की गायली ते कळू नये अशी:

"लेक माझी उजवा हात, लेक माझा डावा गं,
भांडण लागलं हातांचं, घास कुणी द्यावा गं."

शेवटी भोंगाकाकांनीच तोंड उघडलं. "तोंडाची वाफ कशाला दवडता? गाडी दारात आहे. ही चालवेल, आपण बघू. पाय जड आहे की गाडी खोटारडी आहे, सगळ्यांच्या देखत ठरू दे."

*

मागच्या सीटवर आई मधे, एकीकडे काका, दुसरीकडे गोड्या. पुढे मास्तरणीच्या शेजारी सिस्टर. मास्तरणीने पडद्यावरचा, लिटरमागे किती जाते ते दाखवणारा सरासरीचा आकडा पुसून शून्यावर आणला, सगळ्यांना दाखवला आणि गाडी काढली.

गाडी अशी निघाली की आईला ती निघाल्याचं समोरचा खांब हलल्यावर कळलं. बेकरीवरून पुढे, मुलांच्या शाळेच्या कुंपणाला वळसा, तिथून पाण्याच्या टाकीकडे चढ. कुठे हिसका नाही, कुठे धक्का नाही. सिग्नलला लाल दिवा दुरून दिसला तेव्हाच तिने पाय उचलला, आणि गाडी दिव्यापाशी पोचेपर्यंत दिवा हिरवा झाला होता. "पाहिलंस?" काका गोड्याच्या कानात म्हणाले, म्हणजे सगळ्या रस्त्याने ऐकलं. "ह्याला जड म्हणतात. लोण्यातून सुरी जावी तशी..."

टाकी गेली. पुढे उतार लागला, थेट बाजारापर्यंत गेलेला लांबलचक, दोन्हीकडे घरांच्या पायऱ्या उतरत गेलेल्या. आणि मास्तरणीचा डावा हात गिअरच्या दांड्यावर गेला आणि दांडा न्यूट्रलला आला.

तो हात तिने नेला नव्हता. तो गेला. उतारावर गाडीला झोप द्यायची, हे त्या घराचं बोलणं होतं. वडिलांनी लॉरीवर शिकलेलं, काकांनी बसवर वापरलेलं, तिने विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना शिकवलेलं: उतार आला की इंजिनाला झोपवावं, गाडीने आपल्या वजनाने घरंगळत जावं, खाली आल्यावर तिला उठवावं. थेंब थेंब पेट्रोल वाचतं. ह्या शाळेतून शिकलेला माणूस उतारावर ओळखू येई.

"ताई," सिस्टर म्हणाली, "हे चित्र थांबलं."

"कुठलं?"

"हे." समोरच्या पडद्यावर छोटंसं चाक होतं, छोटीशी बॅटरी होती. "मघाशी सिग्नलपाशी तू पाय उचललास तेव्हा चाकाकडून बॅटरीकडे हिरवा बाण पळत होता. आता उतार एवढा मोठा, आणि काहीच नाही. आमच्याकडे पडदा असा सपाट झाला की आम्ही धावत सुटतो."

मास्तरणीने दांडा परत पुढे घेतला. हिरवा बाण टुणकन उठला आणि बॅटरीकडे धावू लागला. तिने न्यूट्रल केलं. बाण गेला. पुन्हा पुढे घेतला. आला.

तिने गाडी कडेला घेतली, थांबवली, हात मांडीवर ठेवले. बाहेर एक बाई पायऱ्यांवर गालिचा झटकत होती, तिचा थाप थाप आवाज तेवढा येत राहिला. गाडी उतारावरच्या जोराने बॅटरी भरते. चाकं फिरतात, त्यातून वीज होते. आणि तीच वीज पुढच्या चढाला पेट्रोल वाचवते. आणि ती नेमकी तिथेच, प्रत्येक उतारावर, चाकांचा आणि बॅटरीचा हात सोडवत आली होती. वर्षभर. प्रेमाने.

तिने आरशात पाहिलं. गोड्या खिडकीबाहेर बघत होता, गालिचा झटकणाऱ्या बाईकडे, जणू उद्या त्याला तोच धंदा करायचा होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"ताई..."

"तू ह्या गाडीत माझ्या शेजारी बसलायस. किती वेळा. माझा हात बघितलायस."

"बघितलाय."

"आणि अळीमिळी गुपचिळी."

"काय सांगायला हवं होतं मी?" त्याचा गोडवा पहिल्यांदाच गळून पडला. "जाहिरातीतला आकडा सांगून मी पोट भरतो, आणि तुला गाडी चालवायला शिकवू? तुला? बाबांनी मला दोनदा उतरवून दिलं, तिसऱ्यांदा शेजारी बसवलंच नाही. पुढची सीट तुझी होती. मी मागे बसून तुम्हा दोघांची मान बघायचो. उतारावर गाडी झोपवायची ही त्यांची विद्या. ती चुकतेय असं मी म्हटलं असतं, तर तू मला काय म्हणाली असतीस? खरं सांग."

ती खरं सांगणार होती, पण त्याआधी तिला ते स्वतःला ऐकू आलं. ती म्हणाली असती, विकणाऱ्याने चालवणाऱ्याला शहाणपण शिकवू नये.

"मग कंपनीला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "बढती आजच मिळाली असती."

"नाही सांगितलं."

"का?"

"तक्रार पहिल्याच तारखेला उडाली असती म्हणून." तो अजून बाहेरच बघत होता. "त्यांना वाटतं पाय. मी म्हटलं, शोधा पायात."

सिस्टरने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, तापात पडलेल्या माणसाचा ताप उतरला की बघतात तसं. आईने एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला, दुसरा पुढच्या सीटवर, मुलीच्या खांद्यामागे.

"तुझ्या बाबांच्या गाडीला बॅटरी होती ती दिवा लावायला," आई म्हणाली. "ती गाडी उतारावर नुसती खायची, म्हणून त्यांनी तिला झोपवलं. ही उतारावर कमावते म्हणता ना? कमावत्या बाईला ऐन कामाच्या वेळी झोपवलंत, तर संध्याकाळी घरात काय येणार?"

भोंगाकाकांनी आवाज खाली घेतला, आणि तो त्यांच्या तोंडी एवढा परका वाटला की सगळे वळले. "हे इथेच राहू दे. ह्या गाडीत. मंचाला काय कळतंय उतारावर हात कुठे जातो? आपण पायाचं बोलू. पाय तर हलका आहेच."

"काका, मघाशी तुम्ही म्हणालात, सगळ्यांच्या देखत ठरू दे."

"तेव्हा मला वाटलं आपण जिंकणार."

सिस्टरला हसू आवरलं नाही. मग आईलाही. मास्तरणीला मात्र हसू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात चढत होती आणि वर पोचल्यावर तिला बसायला जागा सापडत नव्हती. कधी ती कंपनीवर जाऊन बसे, कधी स्वतःच्या डाव्या हातावर.

"परत जाऊ," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."

दुसऱ्या फेरीला तिने आकडा पुन्हा शून्यावर आणला. तोच रस्ता, तोच चढ, तोच उतार. उताराच्या तोंडाशी डावा हात हलला. तिने तो मुठीत धरल्यासारखा स्टिअरिंगवरच दाबून ठेवला. घरंगळणारी गाडी हलकी लागते. ही लगाम ओढल्यासारखी उतरत होती, आणि बाजूच्या घरांच्या पायऱ्या तिला पहिल्यांदा इतक्या सावकाश मागे जाताना दिसल्या. बाजार, तिथून हॉस्पिटलाकडून वर, शाळेच्या दारात.

सगळे पडद्यावर वाकले.

एकवीस, आणि वर थोडंसं.

"वाढला," काका म्हणाले.

"वाढला," मास्तरीण म्हणाली. "आणि अठ्ठावीस कुठे आहे?"

तिने सिस्टरला चालवायला दिलं. सिस्टरने झोपवण्याची विद्या कधी घेतलीच नव्हती, ती हॉस्पिटलच्या गाडीवर शिकली होती. तिचाही आकडा तिथेच घुटमळला. म्हणजे हाताने थोडं खाल्लं होतं. बाकीचं त्या भिंतीवरच्या जाहिरातीने खाल्लं होतं.

*

वर्गात परत आल्यावर चहा झाला, पण कुणी बाकावर बसलं नाही.

"उद्या सकाळी मी सगळ्यांना बोलावते," मास्तरीण म्हणाली. "माझ्याबरोबर ज्यांनी तक्रार केली त्यांना. ते सगळे माझ्याकडे शिकले. सगळे गाडी झोपवतात. त्यांना मी सांगणार, आणि परवा मंचालाही मीच आधी सांगणार."

"मग गेला खटला," काकांनी कप आपटला. "तुझ्या तोंडचं वाक्य ते दारावर लावतील. बाई स्वतः म्हणाल्या. आणि बाई कोण? अमक्याची मुलगी. अमक्याने काय शिकवलं? चुकीचं शिकवलं. माझा भाऊ आता उत्तर द्यायलाही नाही."

"बाबांनी त्यांच्या गाडीसाठी बरोबर शिकवलं. चूक माझी. गाडी बदलली आणि मी हात नाही बदलला."

"हे त्या मंचाला कळेल?"

"तुम्हाला कळलं ना?"

काका तोंड फिरवून गिअरबॉक्सजवळ गेले आणि त्याचं एक दातेरी चाक बोटाने फिरवत राहिले.

"ताई, साहेब हेच धरून बसतील," गोड्या म्हणाला. "एकवीस कुणी ऐकणार नाही. तुझा न्यूट्रल ऐकतील."

"ऐकू देत. मी तिथे उभी राहून माझा पाय हलका आहे असं छाती ठोकून सांगायचं, आणि हात पदराआड लपवायचा? मग त्यांनी आकडा वाढवून सांगितला, मी चूक झाकून सांगितली. फरक काय राहिला आमच्यात? त्यांची जाहिरात मोठी, माझी लहान, एवढाच."

आई खिडकीपाशी सुनेजवळ जाऊन उभी राहिली. दुपारी ती मुलाच्या बाजूची होती. आता कुणाच्या बाजूची, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. "आणि ह्याचं काय?" तिने एवढंच विचारलं.

मास्तरणीने तोंड उघडलं, पण गोड्याच आधी बोलला. "माझं माझ्यापाशी राहू दे, आई."

"तुझ्यापाशी म्हणजे आमच्यापाशी," सिस्टर म्हणाली. ती नवऱ्याला कधी चारचौघांत बोलत नसे. "माझी ड्युटी आहे, माझा पगार आहे. गोदाम तर गोदाम. पण आपल्या घरात एक माणूस खरं बोलणार आणि दुसरा त्याच्याकडून खोटं बोलवून घ्यायला निरोप आणणार, हे मला मुलांना समजावून सांगता येणार नाही. तुम्ही समजावा, अहो."

गोड्याने कप खाली ठेवला आणि निरोप न घेताच निघून गेला. दाराशी त्याने चपला घालताना डावी उजव्या पायात घातली. ते त्याच्या लक्षात कोपऱ्यावर गेल्यावर आलं असावं, कारण तिथे तो थांबलेला खिडकीतून दिसला.

*

सोमवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी गाड्यांची रांग लागली. सगळ्या एकाच जातीच्या, फक्त रंग वेगळे. मास्तरणीने कुणाला गाडीतून उतरू दिलं नाही. एकेका खिडकीशी वाकून तिने सांगितलं, सगळ्यांना सारखंच, आणि प्रत्येक वेळी ते तोंडातून काढताना पहिल्याइतकंच जड गेलं.

दातांच्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बाई, म्हणजे चूक आपलीच?"

"थोडी आपली. ती मी शिकवलेली, म्हणून माझी."

"पण मग हे उद्या बोलायची गरज काय आहे? समोरच्याने विचारलं तर बघू."

"डॉक्टर, तुमच्याकडे माणूस आला, दुखरा दात दाखवला आणि किडका लपवला, तर तुम्ही काय म्हणता?"

"म्हणतो, तोंड पूर्ण उघडा," डॉक्टर खिन्नपणे म्हणाले.

मागच्या गाडीतून शिंपीमामांनी डोकं बाहेर काढलं. ते वयाने मोठे, पण तिला बाईच म्हणत. "बाई, मापात माझी चूक झाली तर मी उसवून देतो. पण कापड मुळात कमी असलं तर दुकानदाराला सोडत नाही. चला, उतरू द्या."

आकडा शून्यावर आणून एक एक गाडी निघाली. मास्तरीण उताराच्या तोंडाशी उभी राहून हात बघत होती. प्रत्येकाचा डावा हात दांड्याकडे जायचा, मधेच अडखळायचा, परत यायचा. तो अडखळणारा हात बघताना तिला लाज वाटली. आपण एवढं पक्कं शिकवलं होतं. इतकं पक्कं की काढतानाही दिसतंय. पण गाड्या गिअरमध्ये उतरल्या, बाजारातून फिरल्या, हॉस्पिटलाकडून वर आल्या, आणि टाकीपाशी येऊन एकामागून एक थांबल्या.

डॉक्टरांचा वीस. शिंपीमामांचा बावीस, आणि त्यांनी तो असा सांगितला जणू मुलगा पहिला आलाय. कुणाचा एकवीस, कुणाचा वीसच्या खालीच. त्यांतला एकही अठ्ठावीसच्या वाटेवर नव्हता.

तेव्हा टाकीच्या सावलीतून गोड्या पुढे आला. कधीपासून उभा होता कुणास ठाऊक. शोरूमला निघालेला, खिशावर कंपनीचं चिन्ह शिवलेला निळा शर्ट घातलेला. त्याला पाहताच रांगेतली कुजबुज थांबली. ह्यातल्या प्रत्येकाला त्यानेच चहा पाजून गाडी विकली होती.

"ये, ये," शिंपीमामा म्हणाले. "आलास का. आता एक सांग. तुमच्या कंपनीचा तो अठ्ठावीसचा रस्ता कुठल्या गावात आहे? आम्ही डबा बांधून जाऊन येऊ."

कुणी हसलं नाही. मास्तरणीने काल रात्री त्याला फोन केला नव्हता, ये म्हटलं नव्हतं, येऊ नकोस म्हटलं नव्हतं.

"खोलीत आहे," गोड्या म्हणाला.

"काय?"

"तो रस्ता. बंद खोलीत आहे, फिरत्या रुळांवर. गाडी जागच्या जागी पळते. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, मधे येणारं माणूस नाही, एसी बंद. तिथे अठ्ठावीस येतो. बाहेर कुठेच येत नाही. कुणाच्याच पायाला येत नाही." त्याचा आवाज विक्रीचा नव्हता, शब्द एकमेकांवर आपटत येत होते. "आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, रस्त्यावर वीस-बावीस समजा. आणि गिऱ्हाइकाला सांगू नका, हेही सांगितलं होतं. कुणी तक्रार केली तर चालवण्याच्या पद्धतीवर न्या. तसंच वाक्य होतं. मी ते ताईपर्यंत घेऊन आलो."

शिंपीमामांचा चेहरा बदलला. डॉक्टर गाडीतून उतरले आणि दार न लावता तसेच उभे राहिले. मागून कुणीतरी शिवी घातली, ती कंपनीला होती की त्याला, ते कळलं नाही. गोड्याने ती आपल्यालाच समजून मान खाली घातली.

मास्तरीण त्याच्याजवळ गेली. इतकी जवळ की फक्त त्यालाच ऐकू यावं.

"माझं मी सांगणार आहे, उद्या, आधी," ती म्हणाली. "हाताचं. तुझं हे तू सांगशील, तिथे?"

त्याने खाली बघितलं, स्वतःच्या छातीकडे, खिशावरच्या चिन्हाकडे. मग वर.

"ह्या शर्टात सांगू की दुसऱ्या?"

"ह्याच," ती म्हणाली. "घरी जाऊन धुवून टाक. वाळेल उद्यापर्यंत."